कुंकू लावलेली गिटार

चिक्कपेट, बेंगळूर
४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. महानंदाअक्कास,
धाकट्या प्रदीपकुमारचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. इथं सगळे धडधाकट आहेत, आई तर आमच्यापेक्षा जास्त. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला वाजतं आणि तिसऱ्या मिनिटाला आई मागून निकाल देते. पत्रात निदान माणसाला आपलं वाक्य पुरं करता येतं, म्हणून तुझ्याच नियमानं कागद घेतला.

विषय तुझ्या गिटारीचा आहे. तीच ती निळी, लग्नाआधी 'मयूरी महिला वाद्यवृंदा'त वाजवायचीस ती. तू निपाणीला गेलीस आणि ती इथं कपाटावर चढली. परवा श्यामला येऊन गेली. तुमच्या वाद्यवृंदाची ही गायिका आता व्हाइटफील्डला राहते, अशा इमारतीत की जिच्या लिफ्टमध्ये आपलं दुकान गिऱ्हाइकांसकट मावेल. त्यांच्या कन्नड राज्योत्सवाचा कार्यक्रम सोळा नोव्हेंबरला आहे. तिला जुनी गाणी म्हणायची आहेत, आणि गिटारीवर महानंदा असेल तरच म्हणणार असं ती सगळ्यांना सांगून बसली आहे. तुला मी विचारावं म्हणाली, कारण तिनं विचारलं तर तू नाही म्हणशील. मी विचारलं तरी तू नाहीच म्हणणार, पण मला त्याची सवय आहे.

म्हणून गिटार स्वल्प साफसूफ करून आणावी म्हणून कोरमंगलाला चंदनकडे नेली. हा गिटारी दुरुस्त करतो. वय आमच्या भव्याएवढं, डोक्यावर अंबाडा तुझ्यापेक्षा मोठा. त्यानं वायर जोडली तर गिटार मुकी. वरची पट्टी उघडून आत बघितलं आणि मला विचारलं की हिला अपघात झाला होता का. आत सगळं लाल. मला वाटलं गंज. वास घेतला तर कुंकू!

झालं होतं असं. तारांच्या खाली पिकअप नावाच्या दोन डब्या असतात. आत चुंबकाचे खिळे आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, दुकानातल्या बॉबिनवर दोरा असावा तशी गच्च गुंडाळलेली. वरची तार जरा थरथरली की यांना लगेच कळतं आणि हे जाऊन स्पीकरला सांगतात. घरातल्या आत्याबाईंसारखे. (तू नव्हे. भव्याला दुसरी आत्या नाही हे खरं, तरीही तू नव्हे.) तर तुझं लग्न झाल्यापासून दर आयुधपूजेला आई शिवणयंत्र, कात्र्या, माझी स्कूटर यांच्या रांगेत तुझी गिटारही मांडत आली आहे. लाकडाला डाग पडेल म्हणून लाकडाला कुंकू नाही. पूजा लोखंडाची असते, म्हणून नेमकं त्या खिळ्यांना. एकेका खिळ्याला हळद, कुंकू, वर फुलानं पाणी. पाणी आत मुरलं, तारा कुजल्या. दोन्ही पिकअप भक्तीनं वारले. चंदननं ऐकून हात जोडले. पिकअपना की आईला, ते कळलं नाही.

आता नवे बसवायला हवेत. तू येऊन वाजवणार का तेवढं कळव, म्हणजे श्यामलाला काय थापा मारायच्या ते ठरवतो. दाजींना नमस्कार.

उत्तर आलं तर लोभ आहे असं धरून चालेन.

तुझा,
प्रदीप


निपाणी
९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रदीप यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून दुकानाच्या पावतीसारखंच आहे. वाचताना वाटत राहतं की खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं येणार.

श्यामलाला माझा नकार सांग. बासष्टावं चालू आहे. डाव्या हाताची बोटं लोण्यासारखी मऊ झाली आहेत आणि अंगठा पाऊस आला की आधी बातमी देतो. गावात मला गणिताच्या बाई म्हणून ओळखतात. अर्धं निपाणी माझ्या हातच्या छड्या खाऊन मोठं झालं आहे, त्यांना एवढ्यात सूड मिळू नये. पण ही झाली सांगायची कारणं. खरं असं की ती गिटार गळ्यात घालून मी पुन्हा स्टेजवर उभी राहणार नाही. का ते विचारू नकोस. श्यामलाचं गाणं ऐकायला येईन, पुढच्या रांगेत बसेन, टाळ्या वाजवेन. तेवढं वाद्य अजून जमतं.

आईचं वाचून मात्र मी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं. लग्न ठरलं तेव्हा हीच बाई त्या गिटारीला 'ते खेळणं' म्हणायची. पाहुणे आले की वर साडी टाकायची. आणि मी गेल्यावर दरवर्षी तिला कुंकू! हे मला एवढ्या वर्षांत एकानंही सांगितलं नाही. आमचे हे म्हणाले की तुमच्या घरात प्रेम करतात ते वस्तू बंद पडेपर्यंत करतात. मी भांडणार होते, पण मुद्दा बरोबर होता.

दुरुस्ती मात्र कर. मेलेलं वाद्य घरात ठेवू नये. एकच अट, लाकूड कापायचं नाही. त्या अंबाडेवाल्याला बजावून सांग.

जाता जाता, सहज विचारते. हल्ली पिकअप कसले कसले मिळतात? आमच्या वेळी एकच मिळायचा, तोही मिळाला तर. सहज विचारते आहे, उगाच अर्थ काढू नकोस.

भव्याला वेळेवर जेवायला सांग, आईला माझा नमस्कार. तुझ्यावर लोभ आहे. तो कमी करण्याचे तुझे प्रयत्न आजवर फसले आहेत, पुढेही फसोत.

तुझी,
अक्का


चिक्कपेट, बेंगळूर
१५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू 'सहज' दोनदा लिहिलंस, तेव्हा मीही सहज दुकान बंद करून पुन्हा कोरमंगला गाठलं.

पिकअप निवडणं म्हणजे हॉटेलात बसण्यासारखं आहे. चंदन आवाजाबद्दल बोलतो तेव्हा एक वॉर्म असतो, एक क्रीमी, एक क्रंची. मी विचारलं सोबत चटणी येते का. तो हसला नाही. गिटारवाले हसत नाहीत, मान हलवतात.

मला समजलं ते असं. एक जात म्हणजे एका गुंडाळीचे पिकअप, तुझे होते तसे. आवाज पातळ, लखलखीत, आणि मागे सतत घरघर. ती आसपासच्या विजेची असते म्हणे, त्याला हे लोक 'हम' म्हणतात. दुसरी जात दोन गुंडाळ्यांची. दोघी उलट्या दिशांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीची घरघर दुसरी खोडून काढते. नवराबायकोसारखं म्हणणार होतो, पण तिथं घरघर खोडली जात नाही. हे दोन गुंडाळ्यांचे शांत असतात आणि आवाजाला जाड, दांडगे. पुलाशी, म्हणजे तारा जिथं संपतात तिथं, एक बसतो. तिथला आवाज धारदार. दुसरा मानेशी, म्हणजे दांडा सुरू होतो तिथं, तो मऊ.

घरात मतदान झालं. भव्याला जुन्याची नक्कलच हवी. ती व्हाइटफील्डच्या ऑफिसला जाता-येता कॅबमध्ये रोज जो जन्म काढते, तेवढ्या वेळात तिनं शंभर परीक्षणं वाचली आहेत. श्यामला फोनवर म्हणाली की तिला तो मूळचा आवाज कानात अजून ऐकू येतो, आणि रडली. मीही जुन्याच्या बाजूनं. चंदनच्या ओळखीचा एक माणूस हातानं गुंडाळून अगदी तस्से पिकअप करून देतो. वरचं प्लॅस्टिकसुद्धा पिवळट करून देतो. नवी वस्तू जुनी करून घ्यायला नव्याहून जास्त मोजावे लागतात, याला आता अभिरुची म्हणतात. आणि घरघर? मी मुद्दाम विचारलं. म्हणाला, ती अस्सल येईल, चिंता नको.

आईचा मात्र सगळ्यालाच विरोध आहे. पूजेचं लोखंड काढून फेकणाऱ्यांचं काय होतं, याच्या तिच्याकडे तीन गोष्टी आहेत. तिन्हींत शेवटी कोणीतरी आंधळं होतं.

दिवाळीचा पाडवा झाला की ऑर्डर देतो. तुझा होकार धरून चाललो आहे. वाजवणार नसलीस तरी भव्या ती दिवाणखान्यात टांगणार आहे, खाली पिवळा दिवा लावून. हल्ली पद्धत आहे.

फराळाचा डबा वेगळा पाठवतो. चकल्या आईच्या हातच्या आहेत, दात सांभाळ. लोभाची आठवण द्यायची गरज पडू नये.

तुझा,
प्रदीप


निपाणी
१९ ऑक्टोबर २०२५

चि. प्रदीप यास,
अ. उ. आ.

थांब. काहीही मागवू नकोस.

तुम्ही तिघांनी मिळून माझ्यासाठी काय निवडलंत, तर घरघर! श्यामलाच्या कानात तो आवाज अजून वाजतो म्हणे. वाजेलच, ती गात होती. वाजवत मी होते.

ऐक. त्या काळी मंडपात काठोकाठ ट्यूबलाइट असायच्या. स्टेजवर पाय ठेवला की माझी गिटार भुंग्यासारखी सुरू व्हायची, मी तारेला हात लावायच्या आधी. राजाजीनगरला एकदा भक्तिगीताच्या मध्येच माझ्या स्पीकरमधून पोलिसांची वायरलेस बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मॅनेजरबाई मला प्रत्येक गाण्याच्या मध्ये आवाज शून्यावर आणायला लावायच्या. मग पुढच्या गाण्याला आवाज वर येईपर्यंत पहिली दोन आवर्तनं मी मुकी.

त्यावर मला एक उपाय सापडला होता. गिटार एका विशिष्ट बाजूला वळवली की घरघर कमी व्हायची. दर मंडपात ती बाजू वेगळी. त्यामुळे सबंध कार्यक्रम मी आडवी उभी. कधी ढोलकीकडे तोंड, कधी पडद्याकडे, एकदा तर सरळ जनरेटरकडे. लोकांकडे तोंड करून मी एकही गाणं वाजवलेलं नाही. त्या वाद्यवृंदात पाच वर्षं होते, आणि समोर बसलेली माणसं मी पाहिलेली नाहीत.

आईच्या ट्रंकेतला तो फोटो आठव. मान खाली, तोंड एका बाजूला. सगळं घर म्हणतं, बघा किती लाजायची. लाजत नव्हते रे, घरघर चुकवत होते! आणि आईनं हाच फोटो निपाणीला पाठवला, मुलगी फार लाजाळू आहे म्हणून. यांच्या आईला लाजाळू सून हवी होती. एका गुंडाळीच्या पिकअपनं माझं लग्न जमवलं. हे मी काल यांना सांगितलं. यांनी स्वतःच उठून चहा केला.

आता निवड मी करते. पुलाशी दोन गुंडाळ्यांचा, दांडगा, शांत. पण रुंद नको. त्याच मापात दोन गुंडाळ्या दाटीनं बसवलेले अरुंद मिळत असतील, तसला बघ, म्हणजे लाकूड कापावं लागणार नाही. आतला खड्डा उथळ आहे, उंची आधी मोजायला सांग. मला कसं माहीत? तू शाळेत गेलास की मी आईच्या कात्रीनं स्क्रू काढून बघत बसायचे. मानेशी मऊ आवाजाचा घ्या, श्यामलाच्या संथ गाण्यांसाठी, पण तोही शांत. गुरगुरणारा एकही नको. आणि प्लॅस्टिक पिवळं केलंत तर परत निपाणीचं तोंड पाहू नका.

मला एकदा लोकांकडे तोंड करून वाजवायचंय. ते जमणार असेल, तर श्यामलाला हो सांग. जमणार नसेल तर भव्याला सांग, टांगून ठेव.

चकल्या पोचल्या. एक दाढ हलते आहे, पण पाठवत राहा. लोभ असाच कडक असू दे.

तुझी,
अक्का


चिक्कपेट, बेंगळूर
३० ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चंदनला मराठीतून कन्नडात वाचून दाखवलं. 'खड्डा उथळ आहे' या वाक्याशी आलो तेव्हा त्यानं मोजपट्टी घेतली, बघितलं, आणि यापुढे मध्यस्थ नको, थेट अक्कांशीच बोलतो म्हणाला. माझी दलाली संपली. पाहिजे तसे अरुंद, दोन गुंडाळ्यांचे मिळाले. लाकडाला हात लागला नाही, फक्त वरच्या पट्टीची भोकं स्वल्प घासावी लागली. काल त्यानं वायर जोडून आवाज पूर्ण वर नेला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं परत बिघडली. शांतता इतकी होती की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याचं भांडण शब्दाशब्दांनिशी कळत होतं. मग त्यानं तारेवर बोट ओढलं आणि माझा चष्मा नाकावरून घसरला.

आईला फोटोची गोष्ट सांगितली. वाटलं, तिला धक्का बसेल. तर ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली की तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. लाजणारी पोर राजाजीनगरच्या मंडपात उभी राहील का, असं मलाच विचारलं. पण व्याह्यांना खरं सांगून कुठं लग्नं होतात, म्हणाली. जुने पिकअप तिनं पुसून देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवले आहेत. नव्यांना हात लावणार नाही असं तिनं कबूल केलंय. कुंकू यापुढे गिटारीच्या पाठीला. सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणून मी तिथंच तह केला.

तिकिटं काढ. दाजींनाही आण, त्यांनी एवढं सोसलंय तर शेवट बघायला हवा. श्यामला आनंदानं पुन्हा रडली. तुझ्या लोभाची वाट बघतो, आणि बसची वेळ कळव.

तुझा,
प्रदीप


चिक्कपेट, बेंगळूर
२० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. तू होतीस तेव्हा घरात माणसांची इतकी दाटी, आणि आई एवढी मध्ये मध्ये, की कार्यक्रमाबद्दल धड बोलताच आलं नाही. तू स्टेजवर होतीस. खाली काय झालं ते तुला माहीत नाही.

तो निवेदक कन्नड भाषेचं महत्त्व इंग्रजीतून सांगत होता, तेव्हा मी स्टेजवरचे दिवे मोजत होतो. केवढे दिवे, मागे तो भिंतीएवढा पडदा, बाजूला जनरेटर. मी मनात म्हटलं, आता भुंगा सुरू होणार. तू वायर जोडलीस. काही नाही. तू एकदा ढोलकीकडे वळलीस, जुनी सवय. मग थांबलीस, आणि पाय उचलून सरळ आमच्याकडे वळलीस. गाणं सुरू व्हायच्या आधीच श्यामलानं तुझ्याकडे बघितलं आणि पहिला शब्द चुकली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे फोनमधून बघत होते. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्याला फोन खाली आले. तिसऱ्याला तुझं बोट घसरलं, आणि तू प्रेक्षकांकडे असं बघितलंस की पुढच्या रांगेतल्या दोघांनी माफी मागितल्यासारखा चेहरा केला. गणिताच्या बाई त्या दोन मिनिटांत दिसल्या.

आई सुरुवातीला देवळात बसावं तशी हात जोडून होती. मग म्हणाली, हिचं नाक माझ्या आईवर गेलंय, आज दिसलं. दाजी माझ्या शेजारी. अर्धं गाणं ते तुझ्या बोटांकडे बघत होते. मग माझ्याकडे वाकून इतकंच म्हणाले की मला लाजाळू म्हणून सांगितली होती. तक्रार होती का, मी विचारलं. म्हणाले, नाही, फसवणूक झाली हे कळायला एवढी वर्षं लागली, याचंच वाईट वाटतं. आणि मग टाळ्या वाजवायला ते पहिले उठले.

आता अडचण ऐक. भव्यानं दिवाणखान्यात खिळे मारले, पिवळा दिवा आणला. काल गिटारीचं खोकं उघडलं तर आत आमच्या नीट घडी घातलेल्या दोन चादरी आणि एक उशी. गिटार नाही. मी घरभर शोधली. आईला विचारलं तर तिला अचानक ऐकू येईनासं झालं. वर श्यामलाच्या सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती रोज फोन करतात. त्यांच्या क्लबहाउसात जुन्या बेंगळूरचं प्रदर्शन आहे, त्यांना गिटार महिनाभर काचेत ठेवायची आहे, खाली तुझं नाव आणि साल लिहून. मी त्यांना काय सांगू?

लोभ असावा, आणि खरं उत्तर यावं.

तुझा,
प्रदीप


निपाणी
२६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रदीप यास,
अ. उ. आ.

चादरी आईनं घातल्या. उशीची कल्पना माझी, खोकं हलकं लागू नये म्हणून. तू दुकानात होतास आणि भव्या ऑफिसात, तेव्हा आम्ही दोघींनी गिटार आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळली. बसच्या बर्थवर ती आडवी झोपली आणि हे बसून आले. तक्रार केली नाही, फक्त हुबळीला उतरल्यावर तिच्यासाठीही चहा आणू का म्हणाले.

रागावू नकोस. तू मागवलेस, तू हिंडलास, त्या अंबाडेवाल्याकडे तू चार खेपा घातल्यास, हे मी विसरलेले नाही. विचारून नेली असती तर तू नाही म्हणाला नसतास. पण भव्यानं तोंड पाडलं असतं आणि मी पाघळले असते, म्हणून विचारलं नाही.

एक छोटा स्पीकर आणलाय, रोज दुपारी वाजवते. हे तेव्हा पेपर वाचायला वाचनालयात जायचे. आता म्हणतात की वाचनालयात फार गोंगाट असतो. बोटांच्या टोकांना घट्टे पडू लागलेत, भाकरी थापताना लागतात, आणि मला ते आवडतं. वाजवते बरी नाही. या नव्या पिकअपमधून सगळं स्वच्छ ऐकू येतं, माझ्या चुकासुद्धा. पूर्वी घरघरीत त्या बुडून जायच्या, आता एकेक चूक समोर येऊन उभी राहते, आणि मी तिला बसवते. समोरच्या घरातला माझा जुना विद्यार्थी परवा येऊन विचारून गेला की बाई, हे रोज असणार का. मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग मी खुर्ची गच्चीत आणतो.

श्यामलाशी बोलणं झालं. संक्रांतीनंतर ती इथं येऊन आठ दिवस राहणार आहे. माझ्याकडे गाणी कमी आहेत, तिच्याकडे दम कमी आहे, जमेल.

भव्याला सांग, रिकाम्या खिळ्यांना आजोबांचा फोटो लाव, त्यांना उजेड आवडायचा. आणि कृष्णमूर्तींना माझा नमस्कार कळवून सांग, की काचेत ठेवायला गिटार मिळणार नाही, ती वापरात आहे.

लोभ असू दे, मी इकडून पाठवते आहेच.

तुझी,
अक्का